साठ वॅटचे काका

"साहेब, एलईडी न्या. वीज वाचते, वर्षानुवर्षं टिकतो. आणि हे बघा, हात लावा, अजिबात तापत नाही!"

"तेच तर नकोय," उचापती म्हणाला. "मला तापणारा पाहिजे. तारेचा, जुना. साठ वॅटचा."

दुकानदाराने त्याला चष्म्यावरून न्याहाळलं. "आता कोण वापरतं ते? करणार काय त्याचं?"

"काका बसवायचेत."

दुकानदाराने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. उचापती गालातल्या गालात हसत बाहेर पडला. खोटं तर काही बोलला नव्हता बिचारा.

उचापती हे नाव त्याला ऑफिसनेच दिलेलं. घड्याळांच्या संशोधन विभागात नोकरी, डोकं सुईसारखं, पण हात स्वस्थ बसतील तर शपथ. मोठ्या साहेबांच्या टेबलावरचं घड्याळ त्याने एकदा उलटं फिरणारं करून ठेवलं, आणि साहेब जेवणाच्या सुट्टीनंतर सकाळची मीटिंग घ्यायला निघाले. तेव्हापासून तो मीटिंगला असला की सगळे खुर्चीसुद्धा तपासून बसतात.

या विभागाच्या तळघरात एका दगडी खांबावर म्हातारी होती. म्हातारी म्हणजे लंबकाचं घड्याळ, माणसाच्या उंचीचं, काचेच्या पेटीतलं. काकांनी ते तरुणपणी बांधलं होतं. काका म्हणजे उचापतीचे गुरू. किडमिडीत देह, आवाज मात्र भोंग्यासारखा. दारावर त्यांच्याच हातची पाटी होती: 'आत माणूस नको. माणूस म्हणजे शेगडी.' कारण साधं होतं. माणूस आत उभा राहिला की खोली किंचित तापते, तापली की लंबकाची दांडी केसाच्याही कितव्या तरी भागाने लांबते, आणि म्हातारी मागे पडते. नवा असताना उचापती एकदा उन्हातून येऊन गारव्याला आत टेकला होता, तर काकांनी त्याचा कान धरून त्याला जिना चढवला होता.

मग काका रिटायर झाले. नवी अणुघड्याळं आली, आणि त्यांच्याबरोबर विभागप्रमुख म्हणून बाई आल्या. बाई सरळ होत्या.

"खोली बॅटऱ्या ठेवायला हवी आहे," त्या म्हणाल्या. "महिनाभर तुमची म्हातारी नव्या घड्याळाला धरून चालली, तर खोली तिची. नाही चालली तर आतलं यंत्र काढायचं, सेलवर चालणारं बसवायचं आणि दाराशी शोभेला ठेवायचं. मान्य?"

"मान्य," उचापती म्हणाला. म्हातारीच्या पोटात सेल! काकांना काय तोंड दाखवायचं?

आणि पहिल्याच आठवड्यात घोळ. रात्रभर म्हातारी शहाण्यासारखी चालायची, दुपार झाली की दोन्ही घड्याळांतला फरक दाखवणाऱ्या आलेखात खड्डा. उचापतीने लिफ्टवर संशय घेतला, ती दुपारभर बंद ठेवायला लावली. लोक जिने चढत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. खड्डा तसाच. कँटीनचा गरम पाण्याचा पाइप गुंडाळला. तरी खड्डा. रविवारी मात्र आलेख सपाट.

मग एका बुधवारी खड्डा पडलाच नाही. उचापती आनंदाने नाचणार, एवढ्यात काकूंचा फोन. "अरे, यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हो नीट. चार दिवस तिकडे यायचे नाहीत. घड्याळाकडे लक्ष ठेव म्हणालेत."

उचापती मटकन खाली बसला.

काका रविवार सोडून रोज दुपारी यायचे. किल्ली त्यानेच दिली होती. कान गेले होते त्यांचे, म्हणून खुर्ची ओढून, खांबाला तळहात लावून बसायचे. हाताने टिकटिक ऐकायचे. उचापतीने एकदा विचारलं होतं, "आणि पाटीचं काय?" तर म्हणाले, "पाटी माणसांसाठी आहे. रिटायर झालेल्याला कोण मोजतंय?"

आता त्यांना कसं सांगायचं, की तुमच्या म्हातारीला तुम्हीच मागे ओढताय? सांगितलं असतं तर काका त्याच क्षणी उठले असते, आणि परत कधी आले नसते. घरी खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहिले असते. नाही सांगितलं तर म्हातारीच्या पोटात सेल.

चार दिवस उचापती डोकं खाजवत होता. पाचव्या दिवशी त्याने नेहमीचंच केलं. उचापत.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बल्ब बसवला आणि डबा खुर्चीमागे ठेवला. खुर्चीच्या बैठकीखाली एक बटण लावलं. काका बसले की बल्ब बंद, काका उठले की बल्ब चालू. खोलीत कायम एक शेगडी, कधी जिवंत, कधी पत्र्याची. त्या उबेला लंबक एकदा जुळवला की झालं. पुस्तकात लिहिलंय माणूस शंभर वॅटचा, म्हणून त्याने शंभरचा लावला. आलेख वेडावाकडाच. पंचाहत्तरचा लावला. तरी थोडा खड्डा, पण उलट्या वेळी, काका नसताना. साठचा लावला, आणि आलेख इस्त्री केल्यासारखा सपाट!

साठचा लागल्यावरही काका दोन दिवस नेहमीसारखे येऊन बसले. तिसऱ्या दिवशी बसता बसता थबकले. कान गेले होते, पण बूड शाबूत होतं. बैठकीखाली हात घातला, तार चाचपत डब्यापर्यंत गेले, झाकण उघडलं.

"किती वॅटचा रे?"

"साठ, काका."

काकांनी बल्बवरून तारेकडे, तारेवरून खुर्चीकडे बघितलं. सगळं कळलं होतं त्यांना. मग भोंगा वाजला, "काकूला सांगू नकोस हां. लग्नात शंभरचा म्हणून उभा होतो!"

दोघं इतके हसले, की त्या दिवशी आलेखात खड्डा पडलाच.

महिना संपला तेव्हा बाई स्वतः तळघरात आल्या. डबा बघितला. त्यावर उचापतीने काकांची जुनी टोपी घातली होती. बाईंनी टोपी उचलली, आत वाकून बघितलं, टोपी परत नीट ठेवली. "बॅटऱ्या दुसरीकडे ठेवू," एवढंच म्हणाल्या.

काका नंतरही किती तरी दुपारी येऊन बसले. मग एका थंडीत बल्ब चालू झाला तो बंदच झाला नाही. कोणी डब्याला हात लावला नाही. बल्ब गेला की उचापती नवा आणायचा. बाई म्हणाल्याही, "अहो, हीटरची तार बसवा ना, कायमचं काम होईल." बरोबरच होतं. पण तारेला काका म्हणवत नाही.

आज सकाळी बल्ब उडाला होता, आणि बाजारभर हिंडून उचापती रिकाम्या हाताने परतला. एका जुन्या दुकानवाल्याने गोदामात बघतो, उद्या या, असं सांगितलं होतं. तोवर म्हातारी काय थंडीत कुडकुडत बसणार?

उचापतीने पाटी वाचली, दार लोटलं आणि खुर्चीत बसला. खांबाला तळहात लावला. हातात टिकटिक आली. दगड गार होता, पण एका जागी झिजून गुळगुळीत झालेला. त्याचा हात बरोबर तिथेच टेकला. काकांचा आवाज, ते कान धरून चढलेले जिने, सगळं त्या टिकटिकीतून वर यायला लागलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन खणखणला. बाई.

"खाली कोण बसलंय? आलेख घसरतोय."

"मी आहे, बाई. काकांच्या जागी."

 बाई म्हणाल्या, "मग जेवण कमी करा. तिला कळलंय, हे काका नव्हेत."