पडद्याने पाहिलेली प्रार्थना

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, चित्रपटगृहाचा. तुम्ही सगळे माझ्याकडे पाहता. तुमच्या चेहऱ्यांकडे मात्र मी एकटाच पाहत असतो.

कारखान्यात माझ्या पांढऱ्याशुभ्र अंगाला बारीक छिद्रे पाडली गेली. आवाज माझ्या पाठीमागच्या स्पीकरमधून निघतो आणि या छिद्रांतून तुमच्यापर्यंत पोहोचतो. प्रकाश मी परत पाठवतो, आवाज जाऊ देतो. स्वतःजवळ काहीच ठेवत नाही. माझ्यावर समुद्र उसळले, लढाया झाल्या, आणि दिवे लागताच सगळे धुक्यासारखे विरून गेले.

एक चित्रपट मात्र माझ्यात मुरून राहिला आहे. एका दिग्दर्शिकेने तो आंधळ्या साध्वीवर काढला होता. शेवटी साध्वी प्रार्थनेला बसते तेव्हा चित्र विझते आणि नुसता तिचा आवाज उरतो.

दिग्दर्शिकेचा थोरला भाऊ कुरकुरायचा. "अगं, देवाधर्माच्या चित्रपटाला मोठे पुरस्कार देत नाहीत. त्यात तू पडदाच काळा करतेस."

"दादा, देवाला कुठे पुरस्कार हवाय? मला हवाय. त्याशिवाय या गावाबाहेर आपला चित्रपट लावणार कोण?"

मग एके दिवशी पुरस्काराचे परीक्षक माझ्यासमोर येऊन बसले. प्रार्थनेची वेळ आली, मी काळोखात बुडालो. वरच्या खोलीतला ऑपरेटर नवा होता. त्याला वाटले, यंत्राचा दिवा गेला. त्याने चटकन सभागृहातले दिवे लावले.

सर्वांत कडक परीक्षकाचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

"काय हो, परीक्षण चाललंय की प्रार्थना?" शेजारच्या बाईंनी विचारले.

"छे, डुलकी लागली होती," ते चष्मा पुसत म्हणाले. सगळे हसले.

पुरस्कार दुसऱ्याच चित्रपटाला मिळाला. 'भक्तिभाव सुंदर, पण आमच्या चौकटीत बसत नाही,' असे कळवण्यात आले म्हणे. चित्रपट या गावात, माझ्यापुरताच राहिला. दिग्दर्शिका रोज मागच्या रांगेत बसून रिकाम्या खुर्च्या पाहायची.

एका दुपारी तेच परीक्षक म्हाताऱ्या वडिलांचा हात धरून आले. काळोख झाला आणि ते आजोबा साध्वीच्या सुरात सूर मिसळून हळूच गुणगुणू लागले. माझ्या छिद्रांतून आवाज बाहेर जातो हे मला माहीत होते. त्या दिवशी पहिल्यांदा तो आतही आला.

खेळ संपल्यावर परीक्षक दिग्दर्शिकेजवळ गेले. "मला आवडला होता हो. चारचौघांत म्हणायला लाज वाटली. पण पुरस्काराचं काय एवढं? आमचे बाबा बघा, किती खूश आहेत."

"हो ना," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही तेव्हा बोलला असतात, तर आणखी कितीतरी जणांचे बाबा आले असते."

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. माझ्यावर तेव्हा काहीही दिसत नव्हते.

मित्रांनो, आता मी पिवळा पडलो आहे. धुळीने छिद्रे बुजत चालली आहेत. मला ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरडा ब्रश फिरवा. अंधार झाला की लगेच दिवे लावू नका. दर वेळी बिघाडच असतो असे नाही. आणि दिवे लागलेच, तर डुलकी लागली होती असे म्हणू नका.