पाचरींचा डबा

गोखिवऱ्याच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये हेमांगी आली, तेव्हा स्टोअरच्या खिडकीतून मी तिचा अंदाज बांधला: टिकेल तीन दिवस. आचोळ्याची मुलगी, औद्योगिक सुरक्षेच्या पदवीचं शेवटचं वर्ष. सहा आठवडे प्रोजेक्ट, शेवटी आमचे मालक जितूशेठ यांची सही आणि शिक्का. तो नाही मिळाला तर वर्ष गेलं. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत. कोणी किती हातमोजे नेले आणि त्यातले किती घातले, दोन्ही आकडे मला तोंडपाठ असतात.

आमच्याकडे पत्र्यावर प्रेसचा ठोका पडून बिजागऱ्या होतात. प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे बोट आत राहायला नको. आमच्या लोकांनी यावर तोड काढली होती. खराट्याची काडी तासायची आणि डाव्या बटणात पाचर ठोकायची. झालं, एका हाताचं काम. पाचर तासावी तर चार नंबर प्रेसवरच्या प्रल्हाददादांनी. आमचा खराटा जेमतेम पंधरा दिवस टिके, तो झाडून नव्हे.

पहिल्याच सकाळी हेमांगीने आदल्या दिवसापासून बटणांत राहिलेल्या अकरा पाचरी उपटल्या. दुपारी अकरा नव्या हजर.

"ताई, काड्यांना कमी नाय आपल्याकडं," दादा म्हणाले.

ती भांडली नाही. प्रत्येक पाचरीला चिठ्ठी बांधली, तीवर मशीन नंबर, तारीख, वेळ. माझ्याकडून बिस्किटांचा रिकामा डबा मागून नेला आणि त्यात पाचरी जमवू लागली. मी गुपचूप माझे तीन दिवस खोडले.

दुसऱ्या आठवड्यात ती दादांशेजारी स्टूल टाकून बसली. चिठ्ठ्या चाळत म्हणाली, "दादा, एकही पाचर जेवणाआधीची नाही. असं का?"

"जेवनानंतर खांदा बोलतो, पोरी."

ती उठली आणि टेप घेऊन मापं घ्यायला लागली. दोन पावसाळ्यांपूर्वी शेडमध्ये पाणी शिरलं, तेव्हा शेठने सगळ्या मशीन हातभर उंच चौथऱ्यावर चढवल्या. बटणंही वर गेली. माणसं होती तेवढ्याच उंचीची राहिली. दिवसाला अडीच हजार वेळा दोन्ही हात छातीच्या वर! एवढे दिवस मी हे रोज बघत होतो आणि मोजत होतो हातमोजे.

तिने हेच रिपोर्टात लिहिलं. शेठ भडकले.

"कामगारांचा निष्काळजीपणा लिही, आत्ता सही करतो. चौथरा मी बांधलाय."

"तसं असतं तर पहिल्या दिवशीच लिहिलं असतं, सर." तिने रिपोर्ट तसाच समोर ठेवला. "जेवणानंतर एक तास चार नंबर चालवा. पाचर लागली नाही, तर तुम्ही म्हणाल ते लिहिते."

"अगं, तू बालवाडीत होतीस तेव्हापासून मी प्रेस चालवतोय!"

दुपारी शेठने बाह्या सरसावल्या. सगळं शॉप थांबून बघत होतं. पहिली वीस मिनिटं झकास. वर दादांना टोमणेही. मग टोमणे आटले. पस्तिसाव्या मिनिटाला डावा हात बटणापर्यंत जाईना. मशीनवरची नजर न हलवता शेठने तो बाजूला पसरला.

"प्रल्हाद, पाचर दे रे."

हेमांगीने डबा पुढे केला.

"यातली चालेल, सर?"

आधी दादा हसले, मग शेठ. शेठने एक पाचर उचलली, कोरी चिठ्ठी मागितली आणि स्वतःच लिहिलं: चार नंबर, दोन पस्तीस, जितेंद्र. चिठ्ठी बांधून पाचर डब्यात टाकली आणि रिपोर्ट ओढून घेतला. चौथऱ्याचं पान न वगळता सही, शिक्का.

बटणं आता वेगळ्या पेटीत आहेत; पेटी कमरेइतक्या उंचीवर हुकाला असते. पाणी चढलं तर उचलून वर अडकवायची. ही युक्तीही तिचीच. परवा ती पेढे घेऊन आली. मी तिला सध्याचा खराटा दाखवला. चौथा महिना चालू आहे.