वांझ बीळ

मूल होत नसलं की आपल्याकडे आधी सून उकरली जाते, मुलाकडे कुणी कुदळ वळवत नाही. तिसगावजवळच्या हर्षलच्या घरातही तेच चाललं होतं. दोष हर्षलमध्ये आहे हे नगरच्या डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्याची बायको रुपाली तेव्हा शेजारीच बसली होती. "आत्यांना नका सांगू, खचतील त्या," असं सासूबद्दल तीच म्हणाली, आणि बायकोची एवढी एक गोष्ट हर्षलने लगेच ऐकली.

त्यात घोडेगावच्या बाजारात म्हैस बघायला गेलेल्या त्याच्या आईच्या, मुक्ताबाईंच्या कानात कुणीतरी फुंकलं, की घोरपडीचं अंडं कच्चं गिळलं तर वांझेचीही कूस उजवते. झालं. नागपंचमीला भुईला दुखतं म्हणून ज्यांनी घरात विळीसुद्धा धरू दिली नव्हती, त्याच मुक्ताबाई आठवड्याच्या आत पोरगा, सून आणि कुदळ घेऊन बांधावरच्या वारुळापाशी उभ्या राहिल्या.

वारुळाभोवती भोकं बरीच होती. हर्षलने एक उकरलं. रिकामं निघालं.

"वांझ बीळ," म्हणत मुक्ताबाई थुंकल्या आणि त्यांनी सुनेकडे बघितलं.

दुसरंही रिकामं. "ह्ये बी तसलंच. घोरपडीगत घराला चिकटून बसलीय नुसती. औंदा न्हाई झालं, तर हर्षलला दुसरी करनार हाय मी. हिनं जावं म्हायेरी."

रुपाली घमेलं धरून उभी होती. हर्षलने मान वर केली नाही.

शेजारच्या रानातून लिडियाबाई आल्या. गावच्या शाळेत आयुष्य घालवून आता निवृत्त झालेल्या. "मुक्ताबाई, ती बिळं वांझ नाहीत," त्या म्हणाल्या. "घोरपड अंडी घालते, वर माती लोटते, तोंडाने दाबून बसवते. मग आजूबाजूला मुद्दाम रिकामी भोकं पाडते. उकरणारा तिथंच दमावा म्हणून. रिकामं बीळ घाव सोसतं, म्हणून खरं घर वाचतं."

"शाळा सुटली बाई तुमची," मुक्ताबाई म्हणाल्या. "खांद रं."

आपल्या घरातलं रिकामं बीळ कोण, हे हर्षलला त्या क्षणी कळलं. तरी त्याने खांदलं. आईला नाही म्हणण्यापेक्षा खांदणं सोपं होतं.

कुदळ वारुळाच्या पोटात कच्चकन बसली. कातडी सालीची अंडी फुटली, पिवळा बलक मातीत मिसळला. मुक्ताबाईंनी एक धड अंडं उचललं, नखाने फाडलं आणि सुनेच्या ओठाला लावलं.

"गिळ."

रुपालीने गिळलं आणि तिथंच ओकली. मुक्ताबाईंनी तिची मान धरून दुसरं पुढे केलं.

"आई, ते मला दे," हर्षल म्हणाला. "तिच्यात कायबी न्हाई. दोष माझ्यात हाय. डाक्टरनं कवाच सांगितलंय."

मुक्ताबाईंच्या हातातलं अंडं गळून पडलं. त्यांनी सुनेकडे नाही, आधी रस्त्याकडे बघितलं. "हळू बोल मेल्या, कुनी ऐकंल!" आणि गुडघ्यांवर बसून त्या दोन्ही हातांनी खड्ड्यात माती लोटू लागल्या.

रुपालीने श्वास घेतला. "आत्या, मला इतकी वर्सं उकरलं, तवा एक मूठ माती न्हाई टाकली तुमी."

मुक्ताबाईंचे हात थांबले. मग उठून त्यांनी पदराने सुनेची हनुवटी पुसली. अंडी मात्र गेली ती गेलीच. घोरपडीची माफी कोण मागणार आणि कशी?

पुढच्या बाजारात ओळखीच्या एका बाईने रुपालीला बघून ओटीचा नारळ पदराआड लपवला.

"तिच्यापून काय लपवतीस?" मुक्ताबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "वांझ माझा ल्योक हाय."

लोक हसले. हर्षल भाजीची पिशवी धरून तिथंच उभा होता. या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

वाचकहो, मूल नसणं हा कुणाचाच गुन्हा नाही. पण ज्याचं उणं त्याने झाकायचं आणि घाव दुसऱ्याच्या लेकीने सोसायचे, हा गुन्हाच आहे. घोरपड रिकामी बिळं मातीत पाडते. आपण त्यासाठी सून आणतो.