हेल्मेटमधला श्वास

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. आग विझवणाऱ्यांचं. माझी कवटी जाड फायबरची, आत घामानं काळा पडलेला चामडी पट्टा, आणि कपाळावर प्रमुखाचा पितळी बिल्ला. कारखान्यात मला साच्यातून काढलं, तेव्हा एका कामगारानं माझ्यावर हातोडा हाणून पाहिला. "टिकेल हे," तो म्हणाला. त्याचं बोलणं खरं ठरलं. मी टिकलो. ज्यांच्यासाठी मला घडवलं, त्यांचं तसं झालं नाही.

अग्निशमन केंद्रात मी आलो तो थेट प्रमुखांच्या डोक्यावर. सगळे त्यांना दादा म्हणत. आगीत सर्वांत आधी दादा शिरत. धुरात काही दिसेनासं झालं, की कुऱ्हाडीच्या दांड्यानं भिंतीवर ठोकत पुढे जात. ठक्, ठक्. बाकीच्यांनी त्या आवाजामागून यायचं. "पुढे चला, मागे बघू नका," एवढंच ते म्हणत. त्यांचे सत्कार झाले, फोटो छापून आले. मलाही दर वेळी घासूनपुसून लख्ख केलं जाई. मला वाटायचं, पुढारी असावा तर असा.

त्यांच्यासमोर 'नाही' म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. सुताच्या गोदामाला आग लागली, त्या दुपारी बंबाच्या ड्रायव्हरला बाहेरून छताची तुळई वाकलेली दिसली. त्यानं तोंड उघडलं. दादांनी नुसतं वळून पाहिलं. त्यानं तोंड मिटलं. दादा आत गेले आणि छत खाली आलं. मी गडगडत दारापर्यंत पोचलो. दादा पोचले नाहीत.

मला धुऊन कचेरीतल्या खुंटीवर टांगलं. माझ्यावर धूळ बसली, कोळ्यानं जाळं विणलं. आणि मग माझ्या पोकळीत कुणीतरी श्वास घेऊ लागलं. हळू, खोल, गाढ झोपलेल्या माणसासारखं. मी तर वस्तू. मला श्वास कुठून येणार? झाडणारी बाई तो कोपरा सोडून झाडू लागली. एरवी आगीत उडी घेणारे जवान माझ्याकडे पाठ करून बसेनासे झाले.

मग नव्या प्रमुख आल्या. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि पुस्तकांची भलीमोठी ट्रंक. माणसं कशी सांभाळावीत, स्वतःला कसं घडवावं, असली पुस्तकं. चहाच्या वेळी त्या त्यातलं मोठ्यानं वाचून दाखवत. "आता आगीलाही धडा वाचून दाखवणार बहुतेक," पंपवाला पुटपुटे. जवानांनी त्यांचं नाव 'पुस्तकबाई' ठेवलं होतं. एकदा त्यांनी वाचलं, "ज्याला कुणी 'थांब' म्हणू शकत नाही, तो पुढारी नव्हे, उतारावरचा धोंडा आहे." त्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं ठळक रेघ ओढली.

त्याच आठवड्यात सरावाच्या वेळी बंबाचे तेच ड्रायव्हरकाका म्हणाले, "मॅडम, हा पाइप त्या बाजूनं..."

"काका, मी सांगितलंय तेवढं करा."

काकांनी तोंड मिटलं. ते मिटणं मी ओळखलं. रेघ पुस्तकात होती, माणसात अजून उतरली नव्हती.

एके सकाळी त्यांच्या हेल्मेटचा पट्टा तुटला. त्यांनी सरळ मला खुंटीवरून काढलं, जाळं झटकलं आणि डोक्यावर चढवलं. त्यांच्या मानेवरचे केस ताठ झालेले मला कळले.

"काका, यात कुणी श्वास घेतंय का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"आम्ही कुणी घालून पाहिलेलं नाही, मॅडम."

मग त्यांनी दादांबद्दल विचारलं आणि काकांनी त्या तुळईचं सगळं सांगितलं.

"दिसत होतं, तर बोलला का नाहीत?"

"बोलायची पद्धत नव्हती."

"आणि आता आहे?"

काका तुटलेला पट्टा उचलून गुंडाळू लागले. बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी पाइपाचं काय सांगत होतात, काका?"

तेव्हापासून केंद्रात एक नियम झाला. कुणीही 'थांबा' म्हटलं, की सगळ्यांनी थांबायचं, प्रमुखांनीसुद्धा. पहिल्यांदा पोरांनी थट्टा म्हणून बाईंना पार चहाचा कप तोंडाला लावताना थांबवलं. त्या थांबल्या. कप तसाच धरून उभ्या राहिल्या. मग थट्टा आपोआप बंद झाली.

पुढे शहराबाहेरच्या शीतगृहाला आग लागली. भर दुपार होती, पण आत शिरताच दिवस संपला. ज्वाळा कुठेच नव्हत्या. फळांच्या खोक्यांवर अजून बर्फाची साय होती आणि वर काळा धूर तरंगत होता. आग भिंतींच्या पोटात होती. कुणीतरी दातांखाली सुपारी फोडावी तसा तिचा आवाज येत होता. आत एक हमाल अडकला होता. त्याचा भाऊ फाटकाशी उभा राहून वेड्यासारखा त्याला हाका मारत होता.

बाई पुढे, मी त्यांच्या डोक्यावर, दोन जवान मागे. इतके दिवस संथ चाललेला माझ्यातला श्वास जोरात चालू लागला. आणि समोरून, काळोखातून, आवाज आला. ठक्, ठक्.

"तो ठोकतोय," बाई म्हणाल्या. "समोरच आहे."

माझ्या पोकळीतून शब्द उमटले. पुढे चला. मागे बघू नका. तो आवाज मी जन्मभर ऐकला होता. माझ्या पट्ट्यातून तो बाईंच्या कपाळात शिरत होता. त्यांची पावलं भरभर पडू लागली.

तेवढ्यात वायरलेसवर दुसरा आवाज आला, ड्रायव्हरकाकांचा. खरखरीत, भेदरलेला.

"थांबा. मॅडम, थांबा. बाहेरून छत बसताना दिसतंय."

समोर ठक् ठक् वाढली. आतला श्वास धापा टाकू लागला. बाईंनी उचललेलं पाऊल तसंच अधांतरी राहिलं. मग त्यांनी ते मागे घेतलं.

समोरचं छत खाली आलं. ठिणग्यांचा लोट माझ्यावरून गेला. त्यानंतर जी शांतता पसरली, तीत उजवीकडून एक बारीक खोकला ऐकू आला. उजवीकडे, समोर नव्हे. जवानांनी तिथलं दार फोडलं. हमाल खोक्यांमागे अंगाचं मुटकुळं करून पडला होता. त्याला उचलून सगळे आल्या वाटेनं बाहेर पडले.

फाटकापाशी भावाच्या मांडीवर डोकं ठेवून तो पाणी प्याला. बाई त्याच्याशेजारी बसल्या.

"तुम्ही ठोकत होतात, तो आवाज समोरून कसा येत होता?"

"मी कुठलं ठोकतोय, ताई," तो म्हणाला. "हात बधिर झाले होते माझे. बोटसुद्धा हलत नव्हतं."

बाईंनी ड्रायव्हरकाकांकडे पाहिलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मित्रांनो, दादा वाईट नव्हते. त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं, आजही नसावं. त्यांना पुढे जाणं तेवढं ठाऊक होतं, आणि मेल्यावर नवं शिकवणारं कुणी भेटत नाही. शिकायचं ते जिवंतपणी.

आता मी आगीत जात नाही. बाई अधूनमधून दार लावून मला मऊ फडक्यानं पुसतात, क्षणभर डोक्यावर घालतात आणि डोळे मिटून उभ्या राहतात. "ऐकलं, दादा," त्या म्हणतात. "आता बाकीच्यांचं ऐकते." मग मला खाली ठेवून बाहेर जातात आणि माझ्यात तो श्वास पुन्हा संथ होतो.

तुम्हीही आपल्या थोरामोठ्यांच्या वस्तू जपा. धूळ बसू देऊ नका, अडगळीत टाकू नका. त्यांना डोक्यात जरूर ठेवा, पण डोक्यावर बसवून घेऊ नका. आणि अंधारात समोरून कुणी बोलावलं, तर आधी मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारा, त्याला काय दिसतंय ते.