तीन माणसांची सतरंजी

मी एक सतरंजी. जन्म येरवड्याच्या तुरुंगातला, आणि त्यानंतर नऊ देश पाहिले. हे ऐकून माणसं हसतात. तुम्हीही हसून घ्या, मग सांगते.

मला विणलं बापूराव नावाच्या एका कैद्यानं. त्याचा गुन्हा काय होता ते मला कधी कळलं नाही. मागावर बसलेली माणसं तो विषय काढत नसत. बापूराव दिवसभर बोलायचा तो फक्त दोऱ्याबद्दल. निळे आणि विटकरी असे पट्टे त्यानं मला दिले. सहा फूट रुंद, नऊ फूट लांब. मी पुरी झाले त्या दिवशी त्यानं माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जा बाई. तू तरी बाहेर जा."

तुरुंगाबाहेरच्या दुकानात मी दोन महिने घडी होऊन पडले होते. एका दुपारी अक्षता आली. तिनं मला तिथल्या फरशीवरच अंथरलं, चपला काढल्या आणि सरळ आडवी झाली.

"अहो मॅडम, हे काय?" दुकानातला माणूस म्हणाला.

"तीन माणसं मावतात का बघतेय."

अक्षता नाटक बसवते. कुठल्या संस्थेत नोकरी नाही. आज इथं शिबिर, उद्या तिथं प्रयोग, असं तिचं चालतं. ती लहानपणी येरवड्यातच एका खोलीत वाढली. तिघं भावंडं एकाच सतरंजीवर झोपायची, आणि एकानं कूस बदलली की तिघांना बदलावी लागायची. त्यावर तिला नाटक करायचं होतं. नाव 'जागा'. त्यासाठी तिनं मला घेतलं.

कात्रजला एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत तालमी सुरू झाल्या. नट तीनच. भिंतीकडेला दत्तप्रसाद. त्याच्या वडिलांचं बुधवार पेठेत इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. तो दुपारपर्यंत गल्ल्यावर आणि संध्याकाळी माझ्यावर. मधे सोनाली, वाघोलीच्या एका शाळेत शिकवणारी. दाराकडेला चेतन, तिघांत लहान आणि सतत हसणारा. खालची गिरणी चालू असली की जमीन थरथरायची आणि माझ्यावर पिठाचा पातळ थर बसायचा. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते. तेव्हा हे मला कळलं नाही.

त्याच वर्षी अक्षताला पोलंडमधल्या एका खेड्यात दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला बोलावणं आलं. मी पाच किलोंची. तरी तिनं चार कपडे कमी घेतले आणि मला घेतलं. निघताना तिच्या आई, नंदाताई, म्हणाल्या, "तिकडे शिकायला जातेस की शिकवायला?"

"दोन्ही, आई."

"बरं. बुद्धांपुढे वाकून जा. आणि पोचलीस की कळव, नुसता अंगठा पाठवू नकोस."

तिथल्या तालमीच्या जागेची जमीन बर्फासारखी होती. पहिल्या दिवशी साठीची एक उंच बाई न विचारता माझ्यावर येऊन बसली. ती हेल्मी. उत्तरेकडच्या एका देशातली दिग्दर्शक, जिथं उन्हाळ्यात सूर्य मावळायलाच तयार नसतो. दोघींची मैत्री झाली. पुढल्या वर्षी हेल्मी महिनाभर कात्रजला येऊन राहिली, तालमींना मांडी घालून बसली. तिच्या गावच्या महोत्सवात 'जागा' करायचं ठरलं. प्रकाशयोजना आणि संगीत तिच्याकडचं, नट आपले.

आणि मग तिन्ही नटांचे व्हिसा नाकारले गेले. अक्षताला मिळाला, कारण तिच्या पासपोर्टवर आधीचे शिक्के होते.

त्या संध्याकाळी चौघंही माझ्यावर बसले होते. शेवटी दत्तप्रसाद म्हणाला, "जा तू. आमचं काय, आम्ही कात्रजच्या बसस्टॉपवर महोत्सव भरवू."

"मी रद्द करते," अक्षता म्हणाली.

"असं नको," सोनाली म्हणाली. "निदान तू तरी बघून ये."

ती गेली, मीही गेले. तिथं हेल्मीनं तिला समजावलं, की तिघं आले नाहीत हेच दाखव. त्यांच्या जागा रिकाम्या ठेव आणि तू सांग. अक्षता नटी नव्हे. तरी ती माझ्या कडेला उभी राहिली आणि बोलू लागली. इथं दत्तप्रसाद झोपतो. ही सोनालीची जागा. आता ती काय म्हणाली असती ते ऐका. असं करत तिनं तिघांची सगळी वाक्यं म्हटली. लोक रडले. कितीतरी वेळ टाळ्या थांबल्या नाहीत.

प्रयोग संपला तेव्हा तिथं दुपारचे तीन वाजले होते. तिनं माझ्यावर बसूनच पुण्याला फोन लावला. तालमी नव्हत्या, म्हणून संध्याकाळीही दुकानातच बसलेल्या दत्तप्रसादनं उचलला.

"कसा झाला?"

"छान झाला रे. खूपच छान."

मग तो म्हणाला, "म्हणजे आमच्याविना जमतं तर."

"तसं नाही रे..."

"गिऱ्हाईक आलंय. ठेवतो."

इथून पुढं जे झालं त्याला मी कुणाला दोष देऊ? रिकाम्या जागांच्या त्या प्रयोगाला बोलावण्यांवर बोलावणी आली. कोरिया, पोर्तुगाल, आणखी कुठं कुठं. एक बाई, एक सतरंजी, एकच व्हिसा. महोत्सववाल्यांना सोयीचं होतं. दर वेळी अक्षता म्हणायची, एवढा एकच, मग तिघांना घेऊन करू. तीन वर्षं गेली. कात्रजच्या तालमी आधी कमी झाल्या, मग बंद झाल्या.

परक्या गावांतल्या त्या खोल्या मला पाठ आहेत. एक खाट, एक किटली, खिडकीबाहेर अनोळखी झाडं. अक्षता आली की आधी मला जमिनीवर अंथरायची. किटलीतल्या पाण्यात शेवया भिजवून खायची. कधी कधी चार-चार दिवस तिच्या तोंडून मराठीचा एक शब्द निघायचा नाही. दुपारी दमून ती माझ्यावर आडवी व्हायची, ती अगदी एका कडेला. तिघांच्या जागा ती मोकळ्या सोडायची. तिथं तिला कोण पाहत होतं? तरी सोडायची.

गेल्या वर्षी ती परतली, तेव्हा नंदाताईंनी तिच्या पुढ्यात ताट ठेवत विचारलं, "सगळ्या जगाला दाखवलंस. ज्यांचं आहे त्यांना कधी दाखवणार?"

अक्षतानं त्या दिवशी तिघांनाही फोन केले. पुण्यात, तिघांना घेऊन, प्रयोग करायचा म्हणाली. गिरणीवरची तीच खोली मिळाली. सोनाली आणि चेतन वेळेवर आले. दत्तप्रसाद अर्धा तास उशिरा आला आणि दारातच उभा राहिला.

"आलास?" अक्षता म्हणाली.

"आलो. म्हटलं, माझी रिकामी जागा कशी दिसते बघून यावं."

तिघं माझ्यावर आडवे झाले. किती दिवसांनी तो भार! तालीम सुरू झाली. सोनालीनं तोंड उघडलं आणि तिचं वाक्य अक्षतानंच म्हणून टाकलं, समोर उभ्याउभ्या. सोनाली थांबली, पुन्हा सुरू झाली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तर अक्षता तिचं अख्खं भाषण म्हणून गेली, डोळे मिटून, सुंदर आवाजात.

सोनाली उठून बसली. "अक्षता, मी आहे इथं."

खाली गिरणी चालू होती. अक्षतानं डोळे उघडले.

"माझ्या लक्षातच आलं नाही गं."

"माहितीये. म्हणूनच सांगतेय."

अक्षता मटकन खाली बसली, माझ्यावर नाही, बाजूला, नुसत्या फरशीवर. तिचा चेहरा मला त्या दिवसाइतका एकटा कधीच दिसला नव्हता, त्या परक्या खोल्यांतही नाही. तिथूनच ती म्हणाली, "तुम्ही करा. मी नुसती बघते."

"जमेल तुला?" दत्तप्रसादनं विचारलं. या वेळी त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"माहीत नाही."

तिनं तोंडावर हात दाबून धरला आणि तिघांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नाटक केलं. अडखळत, विसरत. सोनालीवरून दत्तप्रसादची लाथ चेतनला लागते त्या जागी चेतन खरोखरच हसत सुटला, मग तिघंही हसले. तीन वर्षं त्याच जागी अक्षता थांबायची आणि परदेशातले प्रेक्षक डोळे पुसायचे.

"इथं हसू येतं," ती हळूच म्हणाली. "मी विसरलेच होते."

दोनच आठवड्यांनी तिला जॉर्जियाला जायचं होतं. तिनं हेल्मीला आणि महोत्सववाल्यांना कळवलं, की एकटीचा प्रयोग आता बंद, शिकवायला येईन. आणि जायच्या आदल्या दिवशी मला सोनालीच्या घरी आणून ठेवलं.

"अगं, तुला तिकडे लागेल की," सोनाली म्हणाली.

"लागेल. म्हणूनच नको. हिला नेलं की पुन्हा तुमची वाक्यं म्हणायला लागेन."

तिनं मला कपाटावर ठेवलं, एकदा हात लावला आणि गेली.

त्याला आता आठ महिने झाले. तिघांनी मिळून अकरा प्रयोग केले आहेत, शाळांत आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये. मला दोनदा धुतलं, माझा विटकरी रंग थोडा उतरलाय. एक कड उसवली होती, ती सोनालीनं टाके घालून बसवली. तक्रार काही नाही. पण खोटं कशाला बोलू, प्रयोग संपून मला गुंडाळलं की अक्षताची आठवण येते. तिनं बरोबर नेलेल्या कुठल्याही वस्तूला आता मराठी येत नाही.

तुम्ही कधी नाटकाला आलात आणि मी खाली अंथरलेली दिसले, तर एवढंच करा. वर जी माणसं आहेत त्यांच्याकडे नीट बघा, आणि जे माणूस येऊ शकलं नाही त्याला घरी जाऊन एक फोन करा. माझं दुसरं मागणं नाही.

परवाच्या रविवारी दुपारी तालीम झाली आणि तिघं माझ्यावरच डबे उघडून बसले. सोनालीनं अक्षताला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तिची परक्या गावातली खोली दिसली: एक खाट, एक किटली.

दत्तप्रसाद पुढं झुकला. "जेवलीस?"

परदेशातल्या त्या पहिल्या फोननंतर त्यानं तिची अशी विचारपूस कधीच केली नव्हती.

"नाही अजून."

"मग घे काहीतरी. आम्ही पण जेवतोय. फोन ठेवू नकोस."

त्यानं पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन माझ्यावर उभा केला. तिचा आवाज तुटत होता, पुढं पुढं तर नुसतं चित्रच उरलं. ती ताटली घेऊन जमिनीवर बसलेली दिसत होती, सावकाश एकेक घास खाताना. तिच्या मागं खिडकीत ऊन होतं, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं.