रांजणापाशी डबा

खदीजाचा जावई खलील बोटीवर नोकरीला होता आणि त्यानं देशोदेशीच्या मुताऱ्या बघितल्या होत्या. आणखी काय बघितलं, ते त्यालाच ठाऊक. सुट्टीवर आला की निजामपुऱ्यात सासूच्या ओट्यावर ठाण मांडून सांगायचा, "अम्मी, हॅम्बुर्गला लघवीला पैसे, हॉटेलात साध्या पाण्याला पैसे. इटलीत पाणी रस्त्यावर फुकट, पण खुर्चीवर बसून कॉफी प्यायली की बसायचे पैसे वेगळे!"

बसायचे पैसे इथं लागत असते, तर या ओट्यावर तुमचं दिवाळं निघालं असतं, असं खदीजाच्या अगदी जिभेवर यायचं.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याची नजर दारातल्या रांजणावर गेली. नवरा हारून वारल्यापासून खदीजानं तो त्याच्या नावानं ठेवला होता. तिच्या लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, हमाल, रिक्षावाले, कुणीही प्यावं. घोटाघोटाचा सवाब, म्हणजे पुण्य, हारूनला पोचतो, एवढ्याच आधारावर ती बाई उभी होती.

"फुकटाची किंमत नसते, अम्मी," खलील म्हणाला. "तिकडे मुतारीच्या दाराशी पैशांसाठी नुसती बशी ठेवतात. लिहावंही लागत नाही, माणसं समजतात."

"माझ्या रांजणाला हात लावायचा नाही," खदीजानं बजावलं. पण ती काल्हेरला बहिणीकडे गेली आणि जावयानं डाव साधला. रांजणापाशी बिस्किटांचा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडून.

ती परतली तेव्हा दारातच खलील डबा खुळखुळवून दाखवत होता. "बघा! एकानंही कुरकुर केली नाही."

खदीजा चक्रावली. बादलीभर पाण्यावरून नळावर डोकी फोडणारी ही गल्ली, आणि पेल्याला गपचूप पैसे देते?

तेवढ्यात अंजूरची भाजीवाली बायजाबाई आली. रोजच्यासारखी पाणी प्यायली आणि माठाच्या भाजीची एक जुडी रांजणाशेजारी ठेवली.

"आक्का, पैसं न्हाय माझ्यापाशी, ही भाजी घे. लूम बसलं म्हनं तुझं? समदी गल्ली हळहळते. मेल्या मानसाच्या नावानं डबा मांडायची पाळी आली गं तुझ्यावर! लाजू नको, दिवस फिरतात."

खदीजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उजव्या हाताचं डाव्याला कळू न देता देणारा हारून, आणि त्याच्या नावावर गल्लीनं भीक घातली होती! जगभर फिरलेल्या या शहाण्याला आपल्याच गल्लीत डबा कशासाठी मांडतात, तेवढं ठाऊक नव्हतं. तिनं डबा त्याच्या हातातून ओढला आणि तसाच मशिदीत पाठवून दिला.

रात्री लेक जैनबनं नवऱ्यासाठी सरंगा मासा तळला होता. खदीजानं ताट बाजूला सारलं आणि जावयापुढे माठाची भाजी ठेवली.

"तुमची कमाई, खलीलमियाँ. खैरातीत आलीय. सगळी संपवा."

पहिल्याच घासाला त्याला ठसका लागला. तो पाण्याचा पेला शोधू लागला.

"पाणी दारात, रांजणात," खदीजा म्हणाली. "जा, प्या. तुमच्यासारख्याला पाजलं तरी त्यांना सवाब पोचतो."