उषाबाईंच्या विळीतला मी

मी साल्मोनेला नावाचा जंतू बोलतोय. नमस्कार-चमत्कार राहू द्या. मला माणसं आवडत नाहीत. तुमच्या पोटातली ऊब तेवढी आवडते.

माझा जन्म परमुलखातल्या एका कोंबडीच्या आतड्यात झाला. हजारो कोंबड्या एका शेडमध्ये कोंबलेल्या, एकीची घाण दुसरीच्या चोचीत. पुढं तिला कापलं, तंगड्या गोठवून खोक्यात भरल्या. मी मेलो नाही, नुसता झोपलो. जहाजातून समुद्र ओलांडून आलो. पलसाण्याच्या रस्त्यावर एका गोदामात दिवसभर वीज गेली, तेव्हा जाग आली आणि एकाचे लाख झालो. वीज आल्यावर मालकानं तंगड्या पुन्हा गोठवल्या आणि स्वस्तात लिंबायतच्या कामगारवस्तीत धाडल्या.

तिथं लखन नावाच्या एकानं घेतल्या. हा कापडाच्या लूमवर काम करणारा, जिभेचा चटोर. त्याची आई उषाबाई माळकरी. तिच्या घरात मटणाची पातेली वेगळी, शेगडी वेगळी, सुरीही वेगळी, आणि हा सगळा संसार बाहेर गॅलरीत. वशटाचा वाससुद्धा स्वयंपाकघरात येता कामा नये! सून नूतन लग्नापासून हे मुकाट्यानं पाळत आलेली. मला हसू यायचं. विटाळ पाळणाऱ्यांना जंतू थोडाच दिसतो!

त्या रविवारी उषाबाई देवळात गेल्या होत्या, नूतन दळणाला. लखनला दम निघेना. तंगडी अजून पुरती वितळली नव्हती, जोर लावताच सुरीची मूठ निखळली. मग या शहाण्यानं आईची विळी गुपचूप गॅलरीत नेली, तुकडे केले, विळी नळाखाली धरली आणि होती तिथं ठेवून दिली. मी तिच्या पाटाच्या चिरेत बसून राहिलो.

रश्शात गेलेले माझे भाऊबंद उकळून मेले. रस्सा ओरपणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. उषाबाईंनी मात्र वरणभाताबरोबर काकडी खाल्ली, त्याच विळीवर चिरलेली, आणि तिच्यासोबत माझे काही भाऊबंद त्यांच्या पोटात उतरले.

दुसऱ्या दिवशी ताप, उलट्या, जुलाब. दवाखान्यात सलाईन लावलेल्या हातानं म्हातारी सुनेकडे बोट दाखवत होती.

"इनीच मन्हं ताट बाटाडं!"

"आई, देवाशपथ, मी काही केलं नाही," नूतन रडत म्हणाली.

रविवारी घरी चिकन झालं होतं हे कळल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कच्चा चिकन जिस चीज़ से काटा, उसीसे और कुछ काटा था क्या? घर जाके उसे खौलते पानी से धोना. दोबारा हुआ तो इस उम्र में माँजी झेल नहीं पाएँगी."

"आमची सुरी वेगळी आहे हो, डॉक्टर," नूतन म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "तुम्ही तरी सांगा ना!"

लखन सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिला. त्याला सगळं कळलं होतं. असल्या माणसाची किळस मलाही येते, पण जगतो मी त्याच्याच जिवावर.

"जाय तुना भाऊकडे!" म्हातारी ओरडली. संध्याकाळी नूतन पिशवी घेऊन कामरेजला भावाकडे गेली.

घरी येऊन लखननं पातेलंभर पाणी उकळायला ठेवलं. मी म्हटलं, भरले आपले दिवस. तेवढ्यात शेजारच्या सरलाबाई डोकावल्या. "एवढं पाणी कशाला रे?"

"चहाले," तो म्हणाला. आणि खरंच त्यानं चहा केला! विळी धुताना कुणी पाहिलं असतं तर बिंग फुटलं असतं ना.

मी अजून चिरेतच आहे. वाचणाऱ्यांनो, जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं: पातेली वेगळी ठेवत जा, सुनांना घालवत जा आणि चुकून कधी खरं बोलू नका. तुमचं भांडण मिटलं की माझं मरण.

उषाबाई आज घरी आल्यात. सून नाही, म्हणून स्वतःच विळी मांडून बसल्यात. हातात काकडी आहे. लखन दारात उभा आहे. त्याला घाम फुटलाय.

"आई..."

मी चिरेत अंग चोरलं.

"काय शे रे?"

लखननं फळीवरची मिठाची बरणी उचलली.

"मीठ देऊ का तुले?"